उलटा फेरा

अण्णासोंनी मोटारसायकलचं इंजिन फिरवायला मॅग्नेटच्या नटावर पाना बसवला आणि दोन्ही हातांनी धरला. अलीकडं एका हातानं धरवत नव्हतं. चंदना डबा मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसली होती आणि नवऱ्याच्या त्या हातांकडं बघत होती.

चातुर्मास चालू होता. सकाळी जैन बस्तीतून दर्शन घेऊन आल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत मौन, असा यंदा तिचा नेम. गॅरेजात तो सगळ्यांना ठाऊक होता. गिऱ्हाइकंसुद्धा तेवढ्या वेळापुरती तिच्याशी मानेनंच बोलत.

"खडखड लई वाढलीया अण्णासो," गारगोटीहून गाडी घेऊन आलेला आकाराम म्हणाला. "बायको म्हणती, तुम्ही गल्लीच्या तोंडाला आला की मला घरात कळतंय, मग मी चहा टाकते."

"मग दुरुस्त कशाला करतोस? चहा जाईल की."

आकाराम खदाखदा हसला. अण्णासोंचा मुलगा श्रेयस हसला नाही. तो पलीकडं दुसऱ्या गाडीचं चाक उघडून बसला होता. आदल्या दिवशी जेवताना त्यानं बापाला तोंडावर सांगितलं होतं, "आणखी एक इंजिन तुमच्या हातनं बिघडलं, तर पान्याला हात लावायचा न्हाय. घरी बसायचं." अण्णासो ताटातून नजर न उचलता म्हणाले होते, "ठरलं."

टायमिंग चेन ताणून धरणारा झिजलेला टेन्शनर त्यांनी काढून ठेवला होता. चेन आत सैल लोंबत होती. आता मॅग्नेटवरची रेघ खाचेसमोर आणायची आणि नवा टेन्शनर बसवायचा. इंजिन ज्या अंगानं पळतं त्याच अंगानं फिरवायचं. रेघ पुढं निसटली तर मागं ओढायचं नाही, पुन्हा सबंध फेरा घ्यायचा. चेन सैल असताना उलटं फिरवलं की ती दात सोडते, आणि तसंच इंजिन चालू केलं की वॉल्व वाकतो. चंदनानं हे याच बाकावर बसून कितीदा तरी ऐकलं होतं, शिव्यांसकट. श्रेयसनं शिकताना एकदा पाना मागं ओढला, तेव्हा अण्णासोंनी गिऱ्हाइकांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती.

पाना फिरला. जरा जास्तच फिरला आणि रेघ खाचेच्या पुढं गेली. अण्णासोंनी कपाळाचा घाम खांद्याला पुसला आणि पाना मागं ओढला.

आत टक् झालं. बारीकच.

चंदना उठून उभी राहिली. अण्णासोंना ते ऐकू गेलं नव्हतं. ते नवा टेन्शनर चाचपत होते. आकारामच्या समोर त्यांचा हात धरणं तिच्यानं होईना. ती श्रेयसकडं गेली, त्याच्या खांद्याला हात लावला. बोटानं हवेत उलटा फेरा काढला आणि अण्णासोंकडं बोट केलं.

श्रेयसनं तिच्याकडं बघितलं. कळलं म्हणून मान हलवली.

ती बाकावर परत आली. जिवाला हायसं वाटलं. पोरगं सांभाळून घेईल. काहीतरी निमित्त काढून चेन पुन्हा जुळवायला लावील, कुणाला कळायचंसुद्धा नाही.

टेन्शनर बसला. झाकणं बसली. अण्णासो किल्लीकडं हात नेणार तोच श्रेयस उठला.

"थांबा अण्णा. मी करतो चालू."

आणि त्यानं बटण दाबलं.

इंजिनाच्या पोटातून खळ्ळ असा आवाज आला आणि ते अडकलं. वॉल्व वाकला हे तिथं कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

"आयला! अण्णासो, तुमच्या हातची म्हणून एवढ्या लांबनं आलतो की वो मी!"

"गाडी ठेवून जावा पावणं," श्रेयस म्हणाला. "मी करून देतो. अण्णा आता काम करणार न्हाईत."

अण्णासोंनी पाना पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग तो फळीवर ठेवला आणि हात धुवायला मागं गेले.

चंदनानं डबा उघडला. उभ्या उभ्याच भाकरी खाल्ली, वर पाणी प्याली. मौन सुटलं. ती श्रेयसच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"मी खुणावल्यालं कळलं न्हवतं व्हय रं तुला?"

"कळलं की." तो चाकातून मान काढेना. "एवढं होतं तर तोंडानं का न्हाय सांगितलंस?"

तिचं तोंड आता मोकळं होतं. ती मागं फिरली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

घरी जाताना अण्णासो पुढं होते, ती मागं. वळणावर ते थांबले.

"मी उलटं ओढल्यालं तू बघितलंस न्हवं?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"असू दे," ते म्हणाले. "तुझा नेम तरी ऱ्हायला."

त्यात टोमणा असता तर तिनं तो पदरात घेतला असता. पण आवाज रोजच्यासारखाच मऊ होता.