न दुखणारा खुबा

"लवू, खाली उतर!"

माडाच्या शेंड्यावरून दोन नारळ धपकन खाली आले. माणूस आला नाही.

"चारच नारळ रवले हत, काकीनू. काढतंय नि येतंय."

"उतर म्हटलंय मी!"

आचरे गावातली ही माडांची बाग आनंदीबाईंची, आणि त्यांना एकच गोष्ट दोनदा सांगण्याची सवय नव्हती. लवू उतरला आणि अंग चोरून उभा राहिला.

ते सत्तावन्न साल. मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा आनंदीबाईंनीच त्याला आपल्या कारभाऱ्याबरोबर, गणपतबरोबर, बेळगावला धाडले होते. खडा आपसूक पडून गेला. परंतु पोटाच्या एक्स-रेत डॉक्टरांना भलतेच दिसले. डाव्या खुब्याची वाटी उथळ, आतला गोळा चपटा. या माणसाने झाडावर चढू नये, असे त्यांनी गणपतला बजावले. गणपतने ते आधी गावच्या दुकानावर सांगितले, मग बाईंना.

"दुखता तुझो खुबो?"

"कधीच नाय. बापाशीच्या मागसून चढाक लागलंय, तेव्हापासून नाय."

"डाक्टर सांगतत, हाडात खोट आसा."

"हाडाक ता ठावक नाय, काकीनू," लवू हसला.

आनंदीबाई हसल्या नाहीत. "उद्या पडलस तर गाव माका बोल लावतलो. आजपासना बाबली चढतलो. तू सोलूक बस."

"आणि पुनवेचो नारळ?"

"तोय बाबलीच काढतलो."

नारळी पौर्णिमेला समुद्राला अर्पण करायचा नारळ खाली टाकायचा नसतो. हाती धरून उतरवायचा असतो. तो मान पिढ्यानपिढ्या लवूच्या घराचा. त्या वर्षी बाबली, बाईंचा दुसरा गडी, चढला आणि लवू बुंध्याशी मान वर करून उभा राहिला.

"लवू, गर्दीत उभो रवू नको रे! खुबो निसटात!" कोणीतरी ओरडले. बायकासुद्धा हसल्या. आनंदीबाईंनी त्यांना गप्प केले नाही.

लवूने आयुष्यात पहिल्यांदा सगळा भार उजव्या पायावर घेतला. त्यानंतर चालताना तो डाव्या पायाकडे पाहू लागला, आणि पाहता पाहता लंगडू लागला. दोन पावसाळे उलटले तेव्हा काठी आली. आता खुबा खरोखरच दुखत होता.

बासष्टच्या श्रावणात आनंदीबाई शेवाळावरून घसरल्या. त्यांनाही बेळगावला नेले. डॉक्टर आता नवे, तरुण होते.

"आजी, मोडलेले काही नाही. मात्र तुमच्या दोन्ही खुब्यांच्या वाट्या जन्मापासून उथळ आहेत. कधी दुखले?"

"कधीही नाही."

"मग विसरून जा. अशी पुष्कळ माणसे असतात. एक्स-रे काढला नाही तर त्यांना जन्मभर कळतसुद्धा नाही."

आनंदीबाईंनी विचारले, "आणि तो माणूस माडावर चढणारा असेल तर?"

"दुखत नसेल तर चढू दे की!"

घरी परतल्या तेव्हा अंगणात लवू नारळ सोलत होता. खांबाला धरून तो कष्टाने उठला.

"डाक्टर काय म्हणाले, काकीनू?"

"हाडां बरी आसत माझी."

"देवाची कृपा. माझाच हाड मेला कुचकामी."

आनंदीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग कोणाचा हात न घेता, पाठ ताठ ठेवून त्या पायऱ्या चढल्या.

"उभो कित्या रवलस?" वरून त्या म्हणाल्या. "बस. काम कर."

लवूने डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, जपून पुढे ठेवला आणि तो खाली बसला.