दाराबाहेरचे आईबाप

मंगळवार आला की महाबळेश्वर आपल्या लेकीला घेऊन सकाळच्या बसनं तालुक्याच्या दवाखान्यात जायचा. कुंभारवाड्याच्या पलीकडं, रानात त्यांची वाडी. तिथून बसच्या रस्त्यापर्यंत तासभराची चाल. मयूरीला समुपदेशक बाईंच्या खोलीत सोडलं की हा गडी बाजाराला मोकळा! भात गिरणीत टाकावं, तोवर मीठमिरची घेऊन यावं आणि मग तयार तांदूळ उचलावेत, तसाच त्याचा सगळा बेत. तासाभरानं परत यायचं आणि दारातूनच विचारायचं, झाली का बरी?

हसू नका, मंडळी. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो? पोर अभ्यासात मागं पडलं, घाल शिकवणीला. पोर बोलेनासं झालं, ने डॉक्टरकडं. आपण मात्र दाराबाहेर चपला राखत बसायचं!

मयूरी सोळा वर्षांची. पाचवीपासून वसतिगृहात राहिलेली, कारण रोज जाऊन येण्याइतक्या बसच नाहीत. वाडीतून दहावीला बसलेली पहिली मुलगी, त्यामुळं तिची परीक्षा म्हणजे अख्ख्या वाडीची परीक्षा. नेमका दुसरा पेपर झाला त्या संध्याकाळी तिचा आजा परशू वारला. आजा म्हणजे तिचा जीव की प्राण. रानात कंद कुठं खणायचे आणि गवा दिसला तर कुठल्या अंगानं पळायचं, हे सगळं तिला त्यानंच शिकवलेलं. पण पोरीला कळवलं तर ती पेपर टाकून येईल, वर्ष बुडेल, म्हणून वाडीनं एकमुखानं ठरवलं, सांगायचं नाही. अंत्यविधी झाला, दहावा झाला, बारावा झाला, पोरीला पत्ता नाही. शेवटचा पेपर देऊन ती नाचत घरी आली, ती थेट आज्याच्या रिकाम्या वाकळेपाशी. वाडीतल्या साऱ्यांना वाटत होतं, केवढं शहाणपण केलं आपण!

निकाल लागला, एक्क्याऐंशी टक्के. पेढे वाटले. मयूरीनं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. ताटातला भात चिवडून उठायची. रडायची नाही, भांडायची नाही, काही विचारलं तर भिंतीकडं बघायची. कॉलेजचं नाव काढलं की एकच उत्तर, मी न्हाई जाणार. अर्ज भरायची मुदत संपायला दीडच महिना राहिला होता. आईबापांनी देवाला कौल लावला, अंगारा झाला, उतारा झाला. शेवटी आशा सेविका शकुंतलाताईनं पोरीचं मनगट हातात धरून बघितलं आणि सांगितलं, आता उशीर कराल तर पोर हातची जाईल. तेव्हा कुठं हे मंगळवार सुरू झाले.

चौथ्या मंगळवारी समुपदेशक सुप्रिया बाईंनी महाबळेश्वरला आत बोलावलं. पुढच्या वेळी मयूरीच्या आईला, रुक्मावैनींना घेऊन या, दोघंही आत बसायचं, असं त्या म्हणाल्या. महाबळेश्वरचं टाळकंच सरकलं.

"आजारी ती हाय, मॅडम. आमी कशाला?"

आणि आमच्याबद्दल काय काय सांगते ती, ते तरी कळू द्या, असंही त्यानं दरडावून सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ते तिचं आहे, तिनं सांगा म्हटल्याशिवाय मी सांगणार नाही. मग त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली.

"अण्णा, आठवड्यातनं एक तास ती माझ्याकडं असते. बाकी सगळा वेळ तुमच्यात. मनातलं बोलायचं बळ ती इथं गोळा करते, पण तिला बोलायचंय तुमच्याशी. तुम्हीच बाहेर राहिलात तर ती कुणाशी बोलणार? तुमचा गुन्हा शोधायला नाही बोलवत मी. तुमच्यावाचून माझं काम पुढं जात नाही, म्हणून बोलावते."

घरी येईपर्यंत त्याची धुसफूस चालू होती. आम्हाला आरोपी करायचंय त्या बाईला, वगैरे वगैरे. रुक्मा तशी कमी बोलणारी. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि एवढंच म्हणाली, तुमाला यायचं नसंल तर ऱ्हावा, मी येकटी जाईन. मग काय, आला मुकाट्यानं!

खोलीत तिघं बसली. बाईंनी मयूरीला विचारलं, मागच्या वेळी जे बोलायचं म्हणालीस, ते आज बोलतेस का? मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं.

"बाबा, मी वसतिगृहातनं चार डाव फोन केला. चारी डाव आजा कसा हाय म्हणून इचारलं. तुमी म्हणला, बरा हाय, शेतावर गेलाय. आता तुमी काय बी सांगितलं तरी मला वाटतं, हे बी तसंच असंल."

रुक्मा घाईनं पुढं सरकली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवत झालं गेलं, रडू नको, असं पुटपुटायला लागली. आयाच त्या, दुसरं काय सुचणार! बाईंनी हलकेच तिचा हात धरला आणि बोलू द्या म्हणाल्या.

बचाव करायला महाबळेश्वरनं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"धाव्याला पिंडाला कावळा शिवंना, मयू. ऊन डोक्यावर आलं. समदी म्हणाली, म्हाताऱ्याचं काय ऱ्हायलंय ते कबूल कर. कुणी म्हशीचं नाव घेतलं, कुणी भातखाचराचं. मला ठावं हुतं काय ऱ्हायलंय ते. मी मनात म्हटलं, बाबा, पोरीला समदं खरं सांगतो, तिची माफी मागतो. तवा कावळा आला. आन घरी येऊन माझी जीभच उचलली न्हाई. चार म्हयने झालं. चुकलो गं मी."

बापानं लेकीची माफी मागितली, मंडळी! ज्या घरात बाप पाणी मागतो तेही हुकमासारखं, त्या घरातला बाप!

आजा शेवटी काय बोलला, असं मयूरीनं विचारलं. महाबळेश्वर डोळे पुसत म्हणाला, आज्यानं तुझा पेपर कसा गेला विचारलं, मी म्हटलं, झकास गेला. तेवढं ऐकून झोपला, तो उठला नाही.

"इंग्रजीचा हुता तो," मयूरी म्हणाली. "लई वंगाळ गेलता."

"म्हंजी ते बी खोटंच सांगितलं मी!" महाबळेश्वर म्हणाला, आणि हुंदका फुटता फुटता पोर हसली. रुक्मा तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

त्या दिवशी बसमधून उतरल्यावर मयूरी म्हणाली, आज्याला कुठं अग्नी दिला ते मला दाखवा. तिघं तशीच ओढ्याकाठी गेली. कोण कुठं उभं होतं, लाकडं कुणी तोडली, सगळं महाबळेश्वरनं तिला सांगितलं, काही गाळलं नाही. मग ती ढसाढसा रडली. रुक्मा तिला पोटाशी धरून बसली आणि या खेपेला एकदाही गप्प बस म्हणाली नाही.

एका दिवसात सगळं निवळलं असं मी सांगणार नाही. मयूरीनं मुदतीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं अर्ज भरला, तरी अजून काही मंगळवार लागले, आणि एकाआड एक मंगळवारी तिघंही आत बसली. मध्येच महाबळेश्वर चिडायचा, खुर्ची सरकवून उठायचा, पुन्हा येऊन बसायचा.

म्हणून सांगतो, पोराला समुपदेशनाला नेलंत, फार चांगलं केलंत. पण बोलावणं आलं तर मान ताठ ठेवून दारात उभे राहू नका, आत जा. आपल्याला वाटतं, आपण पोरांना दुःखापासून लांब ठेवतो. दुःख त्यांना गाठतंच. आपण तेवढे त्यांच्याजवळ नसतो.