कंडक्टरबाईंनी उठवलेला माणूस

मी बसमध्ये कंडक्टर आहे. बस ड्रायव्हर चालवतो, पण कोण कुठे बसणार ते मी ठरवते. नवरा पुढे, बायको मागे आणि पोर तिसऱ्याच्याच मांडीवर, असली बस मला बघवत नाही. ‘ओ टोपीवाले, उठा, मागे जा. ताई, तुम्ही या इकडे.’ लोक कुरकुरतात, पण उठतात. माणसं एकत्र बसवायला जोर लागतो, आणि देवानं तो माझ्या घशात भरभरून दिलाय.

म्हणून विमानात चढल्यावर माझी जागा पार शेवटी, संडासाला खेटून, आणि बबडीची पुढे मधेच कुठेतरी, हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

बबडी म्हणजे माझी लेक. तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि महिन्याभरात तिनं लांबच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी धरली. तिला खोलीवर सोडून मी दुसऱ्याच दिवशी परत फिरणार होते. लग्न मोडल्यापासून पोरगी माझ्याशी तोंड उघडून बोललेली नव्हती. जेवलीस का, तर हो. झोपलीस का, तर हो. विमानात कुठे पळून जाणार आहे, तिथे हात धरून बसवते आणि बोलते, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढाच वेळ उरला होता माझ्या हातात.

आणि तिच्या शेजारी खिडकीत बसला होता एक चष्मेवाला, पन्नाशीचा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला.

‘साहेब, जरा मागे बसता का? आम्ही मायलेकी आहोत,’ मी म्हटलं. सुरुवात मी नेहमी गोडीतच करते.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बबडीकडे. आणि ढिम्म. जागचा हलेना.

‘आई, जा ना तू. तुझ्या जागेवर बस,’ बबडी पुटपुटली.

‘तू गप गं. तुला संकोच वाटतोय, मला नाही वाटत.’ मी त्याच्याकडे वळले. ‘काय हो, ऐकू येत नाही का? पोरगी परगावी चाललीय माझी. तुम्हाला कुणी आई होती का नाही? का तुम्ही असेच आभाळातून पडलात?’

चार लोक हसले. मला आणखीच चेव आला. मागे माझ्या जागेशेजारी एक आजी बसल्या होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, ‘बरोबर बोलताय हो बाई! माणुसकीच राहिली नाही लोकांत.’ झालं! बसमध्ये एवढा पाठिंबा मिळाला तर मी माणसाला त्याच्या बोचक्यासकट उतरवते. विमानातली मुलगी धावत आली आणि ‘मॅडम, प्लीज’ करायला लागली. तिला म्हटलं, ‘बाळ, माझं निम्मं आयुष्य यात गेलंय, तू नको शिकवू.’ पुन्हा त्या माणसाकडे बघून म्हणाले, ‘शिकलेली माणसं ही. मायलेकींची ताटातूट करून खिडकीतून ढग बघायचेत यांना.’

त्याचा चेहरा लाल झाला. पण तो माझ्याशी बोललाच नाही. बबडीला त्यानं हळूच विचारलं, ‘मी उठू का?’

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! विचारतेय मी, आणि परवानगी तिची?

बबडी खाली मान घालून म्हणाली, ‘उठा काका. सॉरी.’

तो पिशवी छातीशी धरून मागे निघून गेला. मी ऐटीत खिडकीत बसले. आजीनं मागून हात हलवला, मीही हलवला.

विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला. मी बबडीचा हात हातात घेतला. ‘आता बोल. माझ्यावर रागावलीयस का?’

‘आई, तुझी जागा मी मुद्दाम मागून घेतली होती.’

‘कुठली?’

‘मागची. विमानतळावर काउंटरवरची मुलगी दोघींना शेजारी देत होती. मीच तिला म्हटलं, लांब द्या. होईल तेवढी लांब द्या.’

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिचा हात माझ्या हातात नुसताच पडून होता.

‘रांगेत तू पुढच्या बाईंना सगळं सांगत होतीस,’ ती म्हणाली. ‘त्याच्या घरचे मला काय म्हणाले, मी उशीत तोंड खुपसून कशी रडते. आख्खी रांग ऐकत होती. ते माझं होतं ना आई? मला विचारलंस?’

‘अगं, पोटात ठेवता येत नाही मला, तुला माहितीय. त्या बाईंनी आपुलकीनं विचारलं...’

‘ते काका आपल्या मागेच होते. तुझं ऐकलं त्यांनी. आणि मग काउंटरवर माझंही.’

माझे कान गरम झाले. मी मघाशी काय काय बोलले ते एकेक आठवायला लागलं. तुम्हाला आई होती का? आभाळातून पडलात का? त्या माणसानं एक वाक्य बोलायचा अवकाश होता, ‘बाई, तुमच्या मुलीलाच तुम्ही शेजारी नको आहात,’ आणि चारचौघांत माझी अब्रू गेली असती. तो बोलला नाही. माझ्या शिव्या खाल्ल्या आणि पिशवी घेऊन उठला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘जाऊ मी मागे?’ मी विचारलं. ती म्हणेल, राहू दे आता, बस. पोटची पोर आहे, म्हणेलच.

बबडीनं पट्टा सोडला आणि मला वाट द्यायला उठून उभी राहिली. डोळे भरले होते तिचे, पण ‘बस’ म्हणाली नाही.

बसमध्ये चालत्या गाडीत मी कधी आधाराला हात लावत नाही. त्या दिवशी प्रत्येक सीटची पाठ धरत गेले. मघाशी हसलेले ते चौघे वर बघत होते. संडासाशेजारी तो माणूस गुडघे आवळून बसला होता.

‘भाऊ, जा तुमच्या जागेवर. मला खिडकीत गरगरतं,’ मी म्हटलं.

‘बरं,’ तो म्हणाला. खोटं त्याला कळलं होतं. त्यानं मला खाली बसायला हातसुद्धा दिला, आणि मला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजी माझ्याकडे झुकल्या. ‘हे काय, आलात परत? एवढं भांडून जागा मिळवलीत! लेक काय म्हणाली?’

त्यांनाही गरगरण्याचं सांगता आलं असतं. पण ‘माणुसकी राहिली नाही’ असं ओरडलेल्या त्या बाईला मीच चिथवलं होतं.

‘मला इथे तिनंच बसवलं होतं, आजी. तिला मी शेजारी नको होते,’ मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही.

आजीनं कानामागे हात धरला. ‘काय म्हणालात? विमानाच्या आवाजात ऐकूच येत नाही हो. जरा मोठ्यानं बोला.’

मग ते मला मोठ्यानं सांगावं लागलं.