डाव्या पायाची दुमड

हॉलमध्ये दोनशे माणसं माना उंचावून बघत होती. टेबलावर उताण्या पडलेल्या बसड्रायव्हरचा डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड दिसत होता. मणकेगुरूंनी दोन्ही बूट हातांत धरून काहीतरी पुटपुटलं आणि टाचा एका रेषेत आल्या. टाळ्यांनी छत दणाणलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोनं टाळी वाजवली नाही. ती शिवणकाम करायची आणि आज तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "मणक्यातली गादी सरकली आहे. नुसतं दुखत असतं तर मीच थांबा म्हणालो असतो, बहुतेक माणसं दोनेक महिन्यांत आपोआप बरी होतात. ऑपरेशनमध्ये धोके आहेत, कंबर पुढेही दुखू शकेल. पण तुमचं पाऊल लुळं पडत चाललंय. थांबलात तर ते कायमचं जाईल."

ड्रायव्हरला त्यातला 'धोके' एवढाच शब्द ऐकू आला. क्लच दाबून पाऊल मागे घेताना पंजा अडकायला लागला, तेव्हा रजा टाकून त्यानं गुरूंचे पाय धरले. मणका रुसलाय, सुरी दाखवलीत तर कायमचा रुसेल, असं गुरूंचं निदान. पाय आखूड झालाय, बुटांसकट झोपा, शक्ती चामड्यातून उतरते. आणि उतरलेली शक्ती घरी जाताना सांडत असावी, कारण पाय रोज पुन्हा आखडायचा आणि रोज यावं लागायचं.

नवऱ्यानं पॅन्टचा डावा पाय इंचभर वर दुमडायला सांगितला. भांडून थकलेल्या बायकोनं दुमडला. काल तो ती पॅन्ट घालून उभा राहिला, तर डावा घोटा उघडा. वीस वर्षं याची मापं घेतली आणि या वेळी टेप न लावता दुमड घातली, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

ती उठून टेबलाशी गेली आणि नवऱ्याचे बूट काढू लागली.

"बाई, शक्ती भंगेल," गुरू म्हणाले.

"भंगू दे."

तिनं कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. दोन्हीकडे छत्तीस इंच. मग बूट पुन्हा घातले आणि उजवा बूट टाचेपासून इंचभर बाहेर ओढला. डावा पाय आखूड दिसू लागला. बूट आत ढकलला, पाय सारखे. हॉल हसला.

"आता डावं पाऊल वर उचला," ती नवऱ्याला म्हणाली.

पाऊल हललंच नाही. हसू थांबलं.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. कळ गेली, पाऊल मात्र अर्धंच उचलतं. वेळेवर आला असतात तर कदाचित पूर्ण उचललं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तो आता डेपोत तिकिटं मोजतो.

ती पॅन्ट तिनं उसवली नाही. शिलाई मशिनशेजारी टांगून ठेवली आहे. कंबर धरून येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवते. ऑपरेशन कर किंवा करू नको, असं ती सांगत नाही. "डॉक्टरला ऑपरेशन करण्याचा तोटा विचार, न करण्याचाही विचार. एकाचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचार. पण पाऊल उचलत नसेल तर आजच जा. आणि ज्याला बूट काढायची भीती वाटते, त्याच्या हातात पाय देऊ नको."