तीन मिनिटांची भुलाबाई

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. परदेशातल्या एका रेडिओनं लोकगीतांची स्पर्धा ठेवली होती. एका देशाचं एकच गाणं. भारताकडून जायचं ठरलं ते वऱ्हाडातल्या बायापोरी म्हणतात त्या भुलाबाईचं, आणि ते म्हणायचं होतं अमडापूरच्या शालूबाईनं.

हे घडवलं तिच्या नवऱ्यानं. उत्तमराव वांगी-मिरच्या घेऊन बुलढाण्याला जात. तिथं कचेरीत कोणाजवळ तरी त्यांनी बायकोच्या गळ्याची तारीफ केली. ती फिरत फिरत आपल्याकडच्या रेडिओच्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब एकदा येऊन गाणं ऐकून गेले, खूश झाले आणि महिन्याभरात जीपमधून रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन परत आले.

शाळेच्या खोलीत सगळ्या जमल्या. शालूबाईच्या मागं म्हणायला सासू अन्नपूर्णाबाई, नांदुऱ्याहून माहेरपणाला आलेली नणंद रुख्मिणी आणि आळीतल्या पाचसहा जणी. उत्तमराव धुतलेलं धोतर नेसून दारात उभे.

"फक्त एक अडचण आहे," साहेब म्हणाले. "गाणं तीन मिनिटांच्या वर चालत नाही. तुमचं होतं सात मिनिटांचं."

गाणं असं होतं : भुलाबाई झोक्यावर बसते आणि झोका द्यायला एकेकाला बोलावते. सासरा म्हणतो, मी पान खाऊन राह्यलो. सासू म्हणते, माझी पोथी राह्यली. दीर बैल पाजतो, नणंद वेणी घालते. शेवटी नवरा शेतातून येतो, पाय धुतो, पागोटं सोडतो आणि झोका देतो.

"सासऱ्याचं अन् दिराचं कडवं काढा," अन्नपूर्णाबाई लगेच म्हणाल्या.

काढलं. साहेबांनी घड्याळ लावून पाहिलं. अजून पाच मिनिटं भरत होती.

"मग सासूचं काढा," रुख्मिणी म्हणाली.

"काऊन? मी पोथी वाचतो तं तुले खुपते काय? तुह्यीच वेणी काढ!"

"वा वो माय! मी नांदुऱ्याहून आली ते का उगंच?"

माय-लेकी अशा जुंपल्या की साहेब टोपी काढून वारा घेऊ लागले. शालूबाई मनातल्या मनात कडवी म्हणून पाहत होती. सासूचं चार ओळींचं, नणंदेचं चार ओळींचं. नवऱ्याचंच मेलं लांबलचक. शेतातून निघायला आठ ओळी, पाय धुवायला सहा.

तिनं दाराकडं पाहिलं आणि पदर सारखा केला.

"आत्याबाई, तुमचं बी राहू द्या, वन्संचं बी राहू द्या. नवऱ्याचं काढतो."

उत्तमरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"अवं, मंग झोका कोन देईन?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

तेवढा विचार शालूबाईनं केला नव्हता. पण तिथल्या तिथं तिनं चालीवर म्हणून दाखवलं :

*भुलाबाईनं टेकला पाय,*
*झोका गेला आभाळात!*

रुख्मिणीनं टाळी वाजवली. बाकीच्या हसत सुटल्या. सगळं गाणं नव्यानं म्हणून झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, "दोन मिनिटं पन्नास सेकंद!" आणि मशीन सुरू केलं.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या रेडिओवर निकाल लागला. सव्वीस देशांत भारताचं गाणं पाचवं आलं. गाणंही वाजलं. आपलं कडवं येताच अन्नपूर्णाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. शेवटची ओळ परीक्षकांना फार आवडली, असं निवेदकानं सांगितलं, तेव्हा साऱ्या गावानं टाळ्या पिटल्या. उत्तमरावांनीही पिटल्या, पण जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको बैलगाडीतून बाजाराला निघाली. उत्तमराव बराच वेळ बैलांशीच बोलत होते. मग म्हणाले, "माह्यं कडवं खरंच एवढं लांब हाय काय वं?"

"हाव."

"म्हन बरं एकडाव."

शालूबाईनं गळा साफ केला. गाण्यातला नवरा शेतातून निघाला तेव्हा गाडी मळ्याच्या बांधावर होती. नाला ओलांडला, मारुतीचं देऊळ मागं पडलं, तरी तो पायच धूत होता. त्यानं पागोटं सोडलं तोवर बाजारातली माणसं दिसू लागली. बायामाणसं वळून पाहू लागली, तशी ती लाजून थांबली.

"थांबली काऊन?" उत्तमरावांनी कासरा ओढून गाडी उभी केली. "झोका देऊ दे ना मले."