दोन बोटांची जागा

ती पिवळी गाडी इतकी बुटकी होती की तिची काच बघण्याआधी सासऱ्यांना स्वतःच्या कमरेची परवानगी घ्यावी लागली. शहरात अशी गाडी एकच. मालकीण दातांच्या डॉक्टर, साठी कधीच ओलांडलेल्या, दोन नातवंडांच्या आजी. आणि रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना या गाडीतून अशा सुटायच्या की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एकदा ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि पुढच्या काचेवर शर्टाच्या बटणाएवढा डाग पडला. बाई म्हणाल्या, बघू नंतर. आठवड्याभरात त्या डागातून निघालेली भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. "माझे पेशंट हेच करतात आणि मी त्यांना ओरडते," असं त्या स्वतःच म्हणाल्या, त्यामुळे दुसऱ्या कुणी काही बोलायचं राहिलंच नाही.

नवी काच यायला चार महिने लागले. कारखान्याने या गाडीच्या काचा बनवणं बंद केलं होतं, आणि ही त्यांच्या गोदामातली शेवटची. आता ही फुटली की विषय संपला. लाकडी खोक्याचे खिळे सूनबाईने एकेक करून सावकाश काढले.

सूनबाई म्हणजे खरोखरच सासऱ्यांची सून, पण आता अख्खा बाजार तिला सूनबाई म्हणतो, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला शेजारचा टायरवालासुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा तिला काचेतलं ओ की ठो कळत नव्हतं. घरी बसून कंटाळा येतो म्हणून सासऱ्यांच्या गाड्यांच्या काचा बसवायच्या दुकानात फोन घ्यायला बसली. नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याला काच म्हटलं की स्वतःचा चष्माच आठवतो. एके दिवशी सासऱ्यांचा कामातला जोडीदार तापाने पडला आणि सासरे म्हणाले, "जरा पलीकडून धर गं." ते जे धरलं ते अकरा वर्षं झाली, अजून सुटलेलं नाही.

शिकवताना सासरे कधी गोड बोलले नाहीत. चूक झाली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं झापायचे. पण ते परवडलं. चूक झाकली तर मात्र बोलायचंच बंद करायचे. मग घरी जेवताना पाणीसुद्धा तिच्याकडून मागायचे नाहीत, बायकोला हाक मारायचे. असं एकदाच झालं होतं, तिसऱ्या वर्षी, आणि त्यानंतर सूनबाईने चूक झाकायचं नाव काढलं नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर, वर्षभरापासून सासऱ्यांचा उजवा हात हलत होता. आधी कपबशी वाजायची. मग त्यांनी बशी घेणंच सोडलं. मग कप दोन्ही हातांनी धरायला लागले, आणि कुणी बघितलं तर म्हणायचे, "गार आहे हवा." भर उन्हाळ्यातही हवा गारच. सासूबाईंना दिसत होतं, पण त्या शर्टाची बटणं गुपचूप लावून द्यायच्या आणि विषय काढायच्या नाहीत. नवऱ्याला दिसत होतं, तर तो म्हणायचा, "तू सांग. तुझं ऐकतात ते." म्हणजे घरातले सगळे शहाणे, आणि वाघाच्या गळ्यात घंटा बांधायची ती हिने. कसं सांगायचं? बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याला काचेपलीकडे ना पत्ते येतात ना गप्पा, त्याला सांगायचं की आता हातातली वस्तू खाली ठेवा? तिने मनात शंभरदा वाक्यं जुळवली आणि शंभरदा गिळली.

त्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. वायपर काढले, खालची प्लास्टिकची झाकणं काढली. जुनी काच चौकटीला घट्ट चिकटलेली असते, ती बारीक तारेने कापून सोडवावी लागते, एकाने आतून ओढायची, एकाने बाहेरून. ते झकास झालं. डॉक्टरबाई भिंतीलगतच्या खुर्चीत बसून होत्या. "दुखणार नाही ना तिला?" त्यांनी विचारलं.

"भूल दिलीय," सासरे म्हणाले. ते खुशीत होते.

चौकट साफ झाली, गोंद नीट धरावा म्हणून काठाला काळा प्रायमर लागला, सुकला. आता गोंद. हा गोंद डांबरासारखा काळा आणि दाट असतो, बंदुकीसारख्या गनमधून चौकटीभोवती त्याची तिकोनी पट्टी ओढायची. एका दमात, न थांबता, जिथे सुरू केली तिथेच आणून जोडायची. कुठेही पातळ नको, कुठेही खंड नको. गाडी उलटली तर छपराचा बराचसा भार ही काच पेलते आणि काचेला धरून ठेवते ही पट्टी. यात हौसेमौजेचं काही नाही, आतल्या माणसाच्या मानेचा प्रश्न असतो.

पट्टी नेहमी सासरेच ओढायचे. सूनबाई पलीकडे काचेपाशी तयार. डावीकडून सुरुवात छान झाली, खालचा काठ सुतासारखा सरळ गेला. मग उजवीकडून वर जाताना, कोपऱ्याच्या वळणावर, त्यांचा हात हलला. गनचं टोक उचललं गेलं आणि पुढे दोन बोटांवर पुन्हा टेकलं. मध्ये जागा राहिली, आणि ती सूनबाईला दिसली. सासरे थांबले नाहीत. पट्टी पूर्ण केली, गन खाली ठेवली, आणि काच उचलायला तिला चिकटवलेल्या रबरी वाट्यांची मूठ धरून म्हणाले, "उचल."

आणि तिने उचललं. अकरा वर्षांची सवय. त्यांचं तोंड हललं की हिचे हात हलतात. काच हवेतून गेली, खाली उतरली आणि चौकटीत अशी बसली की बघणाऱ्याला वाटावं, इथेच जन्मली. डॉक्टरबाईंनी खुर्चीतूनच टाळी वाजवली.

सूनबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. गोंदावर साय धरायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात काच परत उचलता येते. नंतर ती फक्त तारेने कापून निघते, आणि कापताना ही जगातली शेवटची काच टिकेल याची कोण हमी देणार?

पंधरा मिनिटं. वर्षभर जे बोलायचं टाळलं ते पंधरा मिनिटांत बोलायचं. आणि तेही गिऱ्हाइकासमोर, ज्या माणसाने पस्तीस वर्षांत कुणाला स्वतःकडे बोट दाखवू दिलं नाही त्याला. नाही बोललं तर? कुणाला कळणार होतं? बाहेरून बघाल तर काम आरशासारखं. आणि रविवारी सकाळी या बाई रिकाम्या रस्त्यावर, नातवंडाला शेजारी बसवून.

सासरे काचेच्या काठाला टेप लावत होते. तिच्याकडे बघत नव्हते. अकरा चौदा.

"डॉक्टर," ती म्हणाली, "समोर कॉफी चांगली मिळते. इथे आता नुसतं बसायचंच काम आहे."

"मला हाकलताय का?"

"हो."

बाई हसल्या, पर्स उचलली आणि गेल्या. अकरा सोळा. सूनबाई टेपचं रीळ हातात घेऊन सासऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जुळवलेल्या शंभर वाक्यांपैकी एकही जागेवर नव्हतं.

"बाबा, उजव्या कोपऱ्यात जागा राहिलीय."

सासऱ्यांनी हातातली टेप नीट दाबली. अंगठ्याने तिच्यावरची सुरकुती काढली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "माहीत आहे?"

"मला वाटलं, तुला दिसलं नसेल."

सूनबाईला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो राग. याच माणसाने तिसऱ्या वर्षी दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. "आणि दिसलं नसतं तर?" ती म्हणाली. "त्या बाई गाडी घेऊन गेल्या असत्या ना?"

सासऱ्यांनी गनकडे बघितलं. मग म्हणाले, "बाहेरून भरतो थोडं."

"बाहेरून भरलेलं म्हणजे ठिगळ, हे मला कोणी शिकवलं?"

अकरा अठरा. टायरवाल्याकडे कुणाच्या तरी चाकात हवा भरली जात होती, तो आवाज येत राहिला. सासऱ्यांनी उजवा हात समोर धरला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला. तो हलत होता, अगदी थोडा.

"माझं ऐकतच नाही गं तो," ते म्हणाले. "रात्री उशीखाली दाबून झोपतो, तरी नाही."

तिचा राग तिथेच गळाला. फार वाईट वाटलं तिला, आणि वर्षभर गप्प बसल्याची लाजही वाटली. पण घड्याळ काही कुणासाठी थांबत नव्हतं. तिने टेप ओढून काढली, वाट्या पुन्हा काचेला लावल्या आणि आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. क्षणभराने सासरेही त्यांच्या बाजूला गेले. काच जड झाली होती. गोंद ताणला, काळे धागे निघाले, मग एकेक करत तुटले. दोघांनी ती लाकडी घोडीवर आडवी ठेवली. ओरखडा नाही. अकरा बावीस.

मग खरवडणं आलं. चौकटीवरचा ओला गोंद काढायचा, काचेचा काठ पुसायचा, पुन्हा प्रायमर. दोघं खाली मान घालून खरवडत होते तेवढ्यात डॉक्टरबाई कॉफीचा कागदी पेला घेऊन परत आल्या आणि दारातच थबकल्या. बसलेली काच उठून घोडीवर झोपली होती.

"काय झालं?"

सूनबाई उठली. चेहऱ्यावर होतं नव्हतं तेवढं हसू आणून म्हणाली, "काही नाही, गोंद जरा जुना निघाला. नवी नळी..."

"गोंद चांगला आहे," सासरे म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. मग हातातलं खरवडायचं पातं खाली ठेवून उठले, कमरेला हात देत, सावकाश, आणि बाईंच्या समोर उभे राहिले. "माझा हात हलला. कोपऱ्यात जागा राहिली. मला दिसलं होतं आणि मी तशीच काच बसवली. हिने काढायला लावली."

सूनबाईला कुठे बघावं कळेना.

डॉक्टरबाईंनी पेला खुर्चीवर ठेवला. त्या रागावतील, गाडी घेऊन जातील, सगळ्या शहराला सांगतील; सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की या सगळ्याची त्यांनी तयारी केलीय. बाईंनी त्यांचा उजवा हात सरळ आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"कुणाला दाखवलात?"

"तुम्हालाच. आत्ता."

"मी दातांची," बाई म्हणाल्या. "पण एका चांगल्या माणसाचं नाव देते. या आठवड्यात जायचं. टाळाटाळ केलीत तर मी येऊन घेऊन जाईन, आणि या गाडीत बसून उतरायला तुमच्या कमरेला फार त्रास होईल." मग सूनबाईकडे वळून विचारलं, "आता पट्टी कोण ओढणार?"

"ही," सासरे म्हणाले. विचार करायला एक क्षणही लागला नाही त्यांना.

सूनबाईने गन घेतली. भंगारातल्या चौकटींवर तिने हे शेकडो वेळा केलं होतं, सासरे जेवायला गेले की. त्यांना माहीत नाही असं तिला वाटायचं. तिने खालून डावीकडून सुरुवात केली आणि पट्टी परत तिथेच आणून जोडली, मग दोघांनी काच उचलून ठेवली. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. गाडीच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, म्हणजे दार आपटलं तरी आतली हवा काचेला ढकलणार नाही. गाडी उद्यापर्यंत इथेच राहील असं सांगितल्यावर बाई काही न कुरकुरता टॅक्सीने गेल्या. जाताना नाव लिहिलेला कागद सासऱ्यांच्या हातात न देता सूनबाईच्या हातात दिला.

संध्याकाळी शटर अर्ध्यावर आणून ती आत आली तर सासरे स्टुलावर बसले होते, पिवळ्या गाडीकडे बघत.

"उद्यापासून मी काय करू?" त्यांनी विचारलं.

कसं सांगायचं याची तयारी तिने वर्षभर केली होती. हा प्रश्न येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"उद्या एका शाळेच्या बसची मागची काच आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताकडे बघत बसा. चुकले तर लगेच बोला. मी लावला तेवढा वेळ लावू नका, बाबा."

सासरे उठले, गाडीपाशी गेले आणि उजव्या कोपऱ्यावर डोळा लावून वाकले.

"वळणावर घाई केलीस आज," ते म्हणाले.

"आत्ता सांगताय?"

"धरलंय घट्ट, काळजी करू नकोस. पण उद्या सावकाश घे."

ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले आणि घरी जायची गडबड दोघांनीही केली नाही.