आईच्या सहीचा कागद

पाचव्यांदा! जपानी नागरिकत्वासाठी पाचव्यांदा त्या कचेरीत गेले आणि तिथले अधिकारी नोमुरासान यांनी पाचव्यांदा कमरेत वाकून सांगितलं, की एक कागद कमी आहे. वाकतात इतके छान, की भांडायची सोयच नाही.

भूकंपानंतर आमच्या ऑफिसातले निम्मे लोक मिळेल त्या विमानाने मुंबईला पळाले. मी टोकियोतल्या हिगाशी-कसाईतच राहिले. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, कचरासुद्धा इथल्या नियमाने टाकत राहिले. तरी अजून मी पाहुणीच. मला इथे मत द्यायचंय, बास.

"अस्मितासान, जन्मदाखल्यात तुमची आई कुमुदिनी. आईच्या शाळेच्या दाखल्यात शैलजा. वडिलांची दोन लग्नं झाली होती का?"

"अहो, नाही हो! आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो."

"आणि नोंद कुठल्या कचेरीत होते?"

कचेरीत! कपाळ माझं! त्या तांदळाचा तर दुसऱ्या दिवशी भात झाला असेल. शेवटी ठरलं: दोन्ही नावं एकाच बाईची, असं आईने प्रतिज्ञापत्र द्यायचं. महिन्याच्या आत, नाहीतर फाइल बंद.

पुण्याला फोन लावला. आई म्हणाली, "नाही देणार."

"अगं, एक सही तर करायचीय!"

"नाव तुझ्या आजीने ठरवलं, बाबांनी लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. आठवडाभर न्हाणीघरात रडायचे मी. आता कोर्टात जाऊन सांगू, की हो, मीच ती कुमुदिनी? शैलजा म्हणून सही चालत असेल तर करते."

हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण डोकं फिरलं होतं माझं. "आई, शैलजा नावाचं तुझं आधार नाही, पासपोर्ट नाही. कोण विचारतं त्या नावाला? माझं सगळं अडलंय इथे!"

आई म्हणाली, "बरं."

कागद पंधरा दिवसांत आला. सही कुमुदिनी, ठसठशीत. नोमुरासाननी ती तपासली, शिक्का मारला आणि एक फॉर्म पुढे सरकवला. जपानी नागरिक झाल्यावर कुठलं नाव लावायचं, ते त्यात भरायचं होतं.

"सावकाश लिहा," ते म्हणाले. "नाव तुमच्या पसंतीचं हवं."

पेन हातात घेतलं आणि तिथेच, चारचौघांत, मला रडू कोसळलं.